समुद्रकिनारीचा जाबसाल

1857 या सालाचे नाव निघाले की मीरत, दिल्ली, कानपूर आणि झाशी ही नावे आपोआप ओठांवर येतात. परंतु त्याच साली, उत्तरेत तोफा धडाडण्यापूर्वी चार महिने, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एका निराळ्याच सामन्याला तोंड लागले होते. 15 जानेवारीच्या गुरुवारी, तिशी नुकतीच ओलांडलेला, शाळेतले शिक्षण बेताचेच झालेला एक कोकणस्थ ब्रह्मचारी आणि मुंबईत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले पाद्री यांच्यामध्ये, जो येईल त्याच्या समक्ष, हिंदू आणि ख्रिस्ती या दोन धर्मांविषयी जाहीर वाद सुरू झाला, आणि तो गुरुवारच्या बैठकींतून पुढे 28 मेपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचार महिने, चालू राहिला. या वादात जय कोणाचा झाला याची चौकशी त्या काळी दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांनी हिरिरीने केली आणि आपापल्या सोयीचा निकालही लावून घेतला. आज ती चौकशी मला गौण वाटते. ज्या विषयावर माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात त्या विषयावर दोन कडवे प्रतिपक्षी आठवड्यामागून आठवडे समोरासमोर येऊन बोलत राहिले, हे घडले कशामुळे आणि त्याची मर्यादा कोठे होती, हे पाहणे अधिक उपयुक्त आहे.

या ब्रह्मचाऱ्याचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. जन्म 1825 सालचा, कुलाबा जिल्ह्यातील शिरवली गावचा. पितृछत्र लवकर हरपल्यामुळे विद्याभ्यास अर्धवट राहिला, आणि पोटासाठी आधी दुकानातली आणि मग सरकारच्या जकात खात्यातली नोकरी पत्करावी लागली. ऐन विशीत तीही सोडून देऊन हा तरुण सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्येसाठी निघून गेला. तेथून परतल्यावर गावोगावी प्रवचने करीत हिंडला आणि 1856 साली मुंबईस आला, तेव्हा त्याला लोक विष्णुबावा ब्रह्मचारी म्हणून ओळखू लागले होते. पाठशाळेत बारा वर्षे घालविलेल्या शास्त्र्याचे पाठांतर त्यांच्याजवळ नव्हते आणि इंग्रजी शाळेत तयार झालेल्या नव्या विद्वानाचा डौलही नव्हता. माझी अशी समजूत आहे की या दोन्ही गोष्टी नसणे हेच त्यांच्या पथ्यावर पडले. कारण शास्त्री असते तर त्यांनी वाद संस्कृतात ओढला असता, आणि इंग्रजी शिकलेले असते तर त्यांना किनाऱ्यावरच्या गर्दीपुढे मराठीत उभे राहण्याचा संकोच वाटला असता.

समोरच्या पाद्र्यांत ज्यांचे नाव या वादाशी कायमचे जोडले गेले ते जॉर्ज बोवेन हेही आपल्या वर्गातले चाकोरीबाहेरचे गृहस्थ होते. अमेरिकन मिशनतर्फे ते 1848 साली मुंबईस आले आणि थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारून देशी वस्तीत, अत्यंत काटकसरीने राहू लागले. ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राच्या संपादनात त्यांची हयात गेली. साहेबी थाटात, पालखीतून उतरून उपदेश करणाऱ्या पाद्र्याला श्रोता जे ऐकवू धजणार नाही ते शेजारच्या आळीत राहणाऱ्या पाद्र्याला ऐकवील, ही साधी गोष्ट आहे. आणि मोकळ्या बोलण्याचा पुष्कळसा भाग अशा साध्या गोष्टींवरच अवलंबून असतो.

हा वाद काही आकाशातून पडला नव्हता. 1813 च्या सनदेने मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखाचे दरवाजे उघडले, त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले, आणि 1829 साली आलेल्या स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन यांनी तर पंडितांना जाहीर वादासाठी आव्हानच देण्यास प्रारंभ केला. 1831 साली मोरभट दांडेकर त्यांच्यासमोर उभे राहिले. तो वाद बरेच दिवस चालला, आणि तोंडाने जे पुरे झाले नाही ते कागदावर उतरले. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सननी तिचे खंडन छापले, साताऱ्याकडून त्या खंडनाचे खंडन आले, आणि विल्सननी त्यालाही उत्तर दिले. पुढे 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री या, पाद्र्याच्या घरी राहून आलेल्या अल्पवयीन मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हा त्यांना पाद्र्यांइतकाच स्वजातीयांचाही रोष सोसावा लागला. 1850 च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राखला, 1856 च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविला, आणि सरकार आपल्या घरात कोठवर शिरणार आहे ही धास्ती सर्वत्र पसरली. तेव्हा 1857 च्या जानेवारीत धर्म हा विषय केवळ परलोकाचा राहिला नव्हता. जमीन कोणाला मिळणार, सून घरात राहणार की नाही, मुलगा शाळेतून परत येणार की बाटणार, हे सारे इहलोकीचे प्रश्न त्या एका शब्दाच्या पोटात दडलेले होते.

आता त्या बैठकींची रचना पाहावी. स्थळ उघडे, देवळाचा सभामंडप नव्हे की चर्चचा दिवाणखाना नव्हे. त्यामुळे यजमान कोण आणि पाहुणा कोण हा प्रश्नच उरला नाही, आणि श्रोत्याला येताना आपण विटाळलो काय अशी शंका घेण्याचे कारण पडले नाही. वार ठरलेला, म्हणून या गुरुवारी जे उत्तर सुचले नाही ते पुढल्या गुरुवारी देता येत असे, आणि आजची कुरघोडी आठ दिवसांनी उलटण्याचा संभव नेहमी शिल्लक राहत असे. लोकांना कळेल ती भाषा. आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते, ती ही की प्रतिपक्षाने टिपण ठेवले: बोवेन यांनी या वादाची हकीकत इंग्रजीत लिहून त्याच वर्षी प्रसिद्ध केली. आपण बोललेले शब्द आपल्या शिष्याच्या नव्हे, तर विरोधकाच्या वहीत उतरत आहेत हे ठाऊक असले म्हणजे वक्ता पल्लेदार वाक्यांवर फार विसंबत नाही. कचेरीत जबानी देणाऱ्या माणसाची सावधगिरी त्याच्या अंगी येते. अमुक म्हणालो नव्हतो अशी मागाहून सारवासारव करण्यास वाव राहत नाही.

वादातील मुद्दे आज पुष्कळांना शिळे वाटतील. ब्रह्म आणि जीव एकच असतील तर पाप करतो कोण, हा पाद्र्यांचा अद्वैतावरील हुकमी प्रश्न; आणि ईश्वर सर्वशक्तिमान व दयाळू असता सैतानाला मोकळा का सोडला, एका पूर्वजाच्या अपराधाची शिक्षा सबंध मानवजातीला का, हा त्यावर हिंदू पक्षाचा तितकाच हुकमी उलटप्रश्न. पुराणांतील देवतांचे आचरण एकीकडे, तर ईश्वराला पुत्र कसा हा पेच दुसरीकडे. असे मुद्दे त्या काळच्या प्रत्येक धर्मवादात येतच. परंतु बावांची भूमिका केवळ बचावाची नव्हती. दोन वर्षांनी, 1859 साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ या ग्रंथात त्यांनी वर्ण हा जन्मावरून न ठरता गुणकर्मावरून ठरतो असा सिद्धान्त मांडला. म्हणजे एका तोंडाने पाद्र्याला उत्तर देताना दुसऱ्या तोंडाने ते आपल्याच श्रोत्यांतील जातिवंतांची झोप उडवीत होते. ज्याच्या बाजूने लोक टाळ्या वाजवितात त्याने त्याच लोकांना अप्रिय सिद्धान्त ऐकविणे, हे प्रतिपक्षाला चार शब्द सुनावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि परखडपणाची खरी परीक्षा, माझ्या मते, तेथेच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा वाद समतोल नव्हता. पाद्र्याच्या पाठीशी राज्यकर्त्यांचा धर्म, छापखाना आणि शाळा होत्या; बावांच्या पाठीशी जमाव होता. कंपनी सरकार कागदोपत्री धर्माच्या बाबतीत तटस्थ असले तरी गोऱ्या कातडीचा दरारा तटस्थ नव्हता. तरीही ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला उघड्यावरची बोलाचाली अधिक मानवते, असे या प्रकरणावरून दिसते. कारण बंद खोलीत सत्ता बोलते, आणि चार माणसांत निदान काही अंशी तरी युक्तिवादाला बोलावे लागते.

बंद खोलीचा अनुभव त्याच मुंबईत त्याच वर्षांत कोणी घेत नव्हते असे मात्र नाही. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींनी 1849 साली स्थापन केलेली परमहंस सभा हे त्याचे उदाहरण. जातिभेद मोडावा, विधवाविवाह व्हावा, मूर्तिपूजा सोडावी, एकच ईश्वर मानावा, असे तिचे मत. म्हणजे विचाराने ती विष्णुबावांच्याही पुढे होती. सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पण हे सर्व गुप्तपणे. सभासद एकमेकांत मन मोकळे करीत आणि बाहेर पडताच पूर्ववत् सोवळे सांभाळीत. सर्व समाज तयार झाल्यावर मग उघड व्हावे असा त्यांचा बेत होता. 1860 च्या सुमारास सभेचे दफ्तर चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटतील या धाकाने मंडळी पांगली आणि सभा मोडली. त्या लोकांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बहिष्कार म्हणजे न्हावी, परीट आणि भटजी यांनी एकाच दिवशी पाठ फिरविणे, मुलीचे लग्न अडणे आणि बापाच्या प्रेताला खांदेकरी न मिळणे, हे लक्षात घेतले तर त्यांच्याविषयी कठोर बोलवत नाही. शिवाय त्यांच्यापैकी काहींच्या प्रयत्नांतूनच 1867 साली प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला. तरी एवढे खरे की अकरा वर्षे एकमतवाल्यांशी बोलून त्या सभेला प्रतिपक्षाचा एकही आक्षेप अंगावर घ्यावा लागला नाही, आणि म्हणून पहिलाच धक्का तिचा शेवटचा ठरला.

याच्या उलट टोकाचा प्रकार 1870 साली पुण्यास झाला. विधवेचा पुनर्विवाह सशास्त्र आहे की नाही याचा निर्णय करण्यासाठी शंकराचार्यांच्या देखरेखीखाली शास्त्र्यांची वादसभा भरली. पुनर्विवाहाच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित होते, आणि दोन्हीकडून पंच नेमलेले होते. तेथे गुप्तता नव्हती, पण तेथे निवाडा होता, आणि निवाडा आला की माणसे पटवून घेण्यासाठी बोलत नाहीत, मते मोजण्यासाठी बोलतात. कौल सुधारकांच्या विरुद्ध गेला. विधवांच्या नशिबाचा विचार पुरुष पंचांनी स्मृतिवचनांच्या आधारे केला, आणि निकाल लागताच पराभूत पक्षाने काय म्हटले होते हे ऐकण्याची कोणाला गरज उरली नाही. समुद्रकिनाऱ्यावर पंच नव्हते हे मी त्या वादाचे वैगुण्य समजत नाही. निकाल लागला नाही म्हणूनच प्रश्न जिवंत राहिले.

परंतु किनाऱ्यावर वाद करणारे दोन्ही पक्ष ज्यांच्याविषयी बोलत होते, त्यांच्यापैकी किती जण तेथे बोलले? स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. आणि ज्यांची सावली टाळली जात होती त्यांचे म्हणणे तर किनाऱ्यावरचा वाद सुरू होण्याआधी दोन वर्षे, 1855 साली, मिशनऱ्यांच्याच ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आलेले होते. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग जातीच्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला तो निबंध. वेद हे ब्राह्मणांचेच आहेत आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे, म्हणजे धर्मरहितच झालो की नाही, असा तिचा सरळ तर्क आहे. वेदोक्त धर्माची बाजू घेणाऱ्या कोणाही पंडिताला, आणि विष्णुबावांनाही, याहून अवघड प्रश्न पाद्र्यांनी विचारला असेल असे मला वाटत नाही. कारण पाद्र्याचा प्रश्न बाहेरून येतो आणि त्याला तुमच्या धर्मात तरी काय आहे असे उलट विचारता येते, पण मुक्ताबाईच्या प्रश्नाला ती पळवाट नाही. गुणकर्मांवरून वर्ण हा सिद्धान्त त्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ होऊ शकला असता. आरंभच, कारण गुण तपासणार कोण, हे विचारण्याचा हक्क पुन्हा तिलाच द्यावा लागला असता.

जोतीरावांनी आपली ‘गुलामगिरी’ 1873 साली लिहिली तेव्हा तिला जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाचे रूप दिले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जाहीर वादाच्या जागा ज्यांच्यासाठी मोकळ्या नव्हत्या त्यांच्याकरिता त्यांनी कागदावर जागा निर्माण केली. अर्थात धोंडिबा शंका विचारतो ती जाणून घेण्यासाठी. तो प्रतिपक्षी नव्हे. ज्यांच्यावर त्या ग्रंथाचा सारा रोख होता त्यांनी त्याच सरळपणाने समोर बसून उत्तर दिले असते तर मराठी विचाराचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

विष्णुबावांचे आणखी एक लिखाण आहे, आणि माझ्या मते त्यांच्या बुद्धीचा खरा विलक्षणपणा त्यातच प्रकट होतो. 1867 साली, म्हणजे ज्या वर्षी जर्मनीत मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड छापून निघाला त्याच वर्षी, आणि त्याची गंधवार्ताही नसताना, त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ प्रसिद्ध केला. राजा आणि सर्व प्रजा मिळून एक कुटुंब मानावे. जमीन सर्वांची समजून सर्वांनी ती कसावी. पिकलेले धान्य गावोगावच्या कोठारांत साठवावे आणि ज्याला जितके लागेल तितके त्याने न्यावे. वस्त्रांचीही व्यवस्था तशीच. मुले राज्याने शिकवावी आणि ज्याचा जसा कल तसे काम त्याला द्यावे. विवाह परस्परांच्या संमतीने व्हावे. कॅप्टन फेल्प्स यांनी केलेले याचे इंग्रजी भाषांतर 1869 साली निघाले. सावकारी, दुष्काळ आणि सारावसुली यांनी रयत नागवली जात असलेल्या काळात, अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या माणसाने, मालमत्तेच्या मुळावरच हात घालावा याचे आश्चर्य करावे तितके थोडे.

तरीही किनाऱ्यावरचा विष्णुबावा आणि निबंधातला विष्णुबावा यांत एक फरक जाणवतो. किनाऱ्यावर प्रत्येक विधानाला लगेच हरकत येत असे. निबंधात हरकत घेणारा कोणीच नाही, आणि म्हणून तेथील सर्व काही सुरळीत चालते. कोठाराच्या किल्ल्या कोणाकडे राहतील, जास्त धान्य नेणाऱ्याला कोण अडवील, नावडते काम कोणाच्या वाट्याला येईल, राजाच कुटुंबप्रमुख झाल्यावर त्याच्याविरुद्ध तक्रार कोठे करावयाची, या शंका मनात येण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. जकात खात्यात काही वर्षे काढलेल्या माणसाला तर सरकारी कोठारात माल कसा शिरतो आणि कसा पाझरतो याचे प्रत्यक्ष ज्ञान असले पाहिजे. एखादा बोवेन समोर असता तर निबंधाचा उत्तरार्ध अधिक लांबला असता, आणि बहुधा अधिक टिकाऊ झाला असता. धर्मावर भांडण्यासाठी आपल्याकडे दोन्ही पक्ष हौसेने गोळा होतात. संपत्तीच्या वाटणीचा विषय निघाला की एक पक्ष बोलावूनही येत नाही, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

18 फेब्रुवारी 1871 रोजी बावांचे मुंबईत निधन झाले. बोवेन त्यानंतर सतरा वर्षे त्याच शहरात आपले पत्र चालवीत राहिले आणि 1888 साली वारले. ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे मराठी पुस्तक 1872 साली, म्हणजे मुख्य वक्ता उत्तर देण्यास हयात नसताना, बाहेर पडले. पण बोवेन यांचे इंग्रजी टिपण त्याआधी पंधरा वर्षे छापलेले असल्यामुळे, एकाच वादाच्या या दोन कैफियती शेजारी ठेवून, कोणी कोणाचे म्हणणे कोठे आखडते घेतले आणि कोठे फुगविले याची रुजुवात ज्याला सवड असेल त्याला आजही घेता येईल.